"बाई, वाईट स्पर्श म्हणजे विटाळ का?" (सीमाभागातल्या शाळेतून)

मलप्रभाकाठची | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. शाळेचं नाव कृपया विचारू नका.

गेल्या आठवड्यात आठवीच्या मुलींना सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श शिकवत होते. तक्ता लावला, बाहुलीवर हात ठेवून दाखवलं, कुठे कुणी हात लावलेला चालत नाही ते सांगितलं. सगळ्या माना हलवत होत्या. तास सुटायच्या बेताला मागच्या बाकावरची एक उठली आणि म्हणाली, "बाई, वाईट स्पर्श म्हणजे विटाळ का?"

कुणी हसलं नाही. म्हणजे तो प्रश्न सगळ्यांचाच होता.

मला पटकन उत्तर सुचेना, कारण तिचं काही चुकलं नव्हतं. तिला घरी स्पर्शाबद्दल आजवर एकच धडा मिळालाय, तोही महिन्यातून चार दिवस: पाण्याला शिवू नको, लोणच्याला शिवू नको, देवाकडे फिरकू नको. त्या धड्यात वाईट स्पर्श तिचा स्वतःचा असतो. आणि मी सांगत होते की वाईट स्पर्श दुसऱ्याचा असतो, त्यात तुझा काही दोष नसतो. तेरा वर्षांच्या मुलीने यातलं कुठलं धरायचं?

दुपारी स्टाफरूममध्ये कन्नड शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्यात पाळीला मुट्टुच म्हणतात. मुट्टु म्हणजे शिवणं." बघा. इथे बसच्या पाटीवरून, दुकानाच्या बोर्डावरून भांडणं होतात, आणि पाळीसाठी मात्र दोन्ही भाषांनी बिनबोभाट एकच शब्द उचलला.

माझी खरी अडचण हीच आहे, शब्दांची. लोक म्हणतात पालक विरोध करतात, एसडीएमसीवाले (शाळेच्या समितीतले) भांडायला येतात. येतात अधूनमधून, पण चहा पाजला की निम्मे शांत होतात. शब्दांचं काय करायचं? एका टोकाला पाठ्यपुस्तकातलं वृषण, अंडवाहिनी, आर्तवचक्र; हे मुलांना संध्येच्या मंत्रासारखं ऐकू येतं. दुसऱ्या टोकाला शिव्या. मधे काहीच नाही. मुली पाळीला "प्रॉब्लेम" म्हणतात. धडधाकट शरीर वेळेवर आपलं काम करतंय, त्याचं नाव प्रॉब्लेम! आमच्या आज्या "शाणी झाली" म्हणायच्या. तो शब्द मला आवडतो खरं तर, फक्त शाणी होताना त्या पोरीला शहाणपणाचं कुणी काही सांगायचं नाही, एवढंच. कन्नड घरांत "दोड्डाकी आग्याळ" म्हणतात, मोठी झाली म्हणून. मोठी झाली की कोपऱ्यात बसव.

दहावीला प्रजननाचा धडा आहे. परीक्षेत येतो, त्यामुळे टाळता येत नाही. तरी पद्धत तुम्हाला माहीत असेलच: जास्वंदीचं फूल आणायचं, ब्लेडने उभं कापायचं, पुंकेसर-स्त्रीकेसर तासभर रंगवून सांगायचे, आणि माणसापाशी आलं की "पुढचं घरी वाचून या". मी स्वतः अशीच शिकले. माझ्या बाईंचं फूल मला अजून आठवतं, परागकण बोटाला लागले होते.

सरकारी कार्यक्रमात दर शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका असे दोन आरोग्यदूत नेमतात. आमच्याकडून मी. प्रशिक्षण कन्नडमधून झालं. चांगलं झालं, शिकवणाऱ्या डॉक्टरबाई अगदी मोकळ्या होत्या. पण पुस्तिका कन्नड, फ्लिपचार्ट कन्नड. मला बोलण्यापुरतं कन्नड येतं. "हदिहरेय" म्हणजे पौगंडावस्था हे कळायला मला बस खानापूरला पोचेपर्यंत वेळ लागला. घरी येऊन रात्री मराठी शब्द चिठ्ठ्यांवर लिहून फ्लिपचार्टवर चिकटवले. पंख्याच्या वाऱ्याने त्यातल्या दोन भर वर्गात उडाल्या. कुठल्या ते सांगत नाही, पण मुलांनी त्या अगदी आदराने उचलून आणून दिल्या.

आता वर्गात प्रश्नपेटी ठेवलीय. कुंद्याचा (मिठाईचा) रिकामा बॉक्स, वर चीर पाडलेली. नाव लिहायचं नाही. आलेल्यांपैकी काही: "पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच खराब होतं का? आई म्हणते होतं, पण तिने कधी लावून बघितलं नाही." "मुलांना पण पाळी असते का, मग ते कधी बसतात बाजूला?" "रात्री झोपेत चड्डी ओली होते, मला एड्स झालाय काय?" हा शेवटचा तीन वेगवेगळ्या अक्षरांत आलाय.

विचारायचं एवढंच: तुम्ही शिक्षक, पालक कोणते शब्द वापरता? आणि मराठीतले तयार तक्ते कुठे मिळतील?

---

शहापूरचा_सायकलवाला | रात्री ११:०५

लोणच्याचं उत्तर काय दिलंत ते सांगा आधी. आमच्या घरात हा वाद तीस वर्षं चालूय.

---

मलप्रभाकाठची | रात्री ११:१२

उत्तर दिलं नाही. घरी प्रयोग करायला सांगितलाय. दोन बरण्या, एक हात लावलेली, एक न लावलेली. विज्ञानाच्या वहीत नोंद करायची. बुरशी येते ती ओल्या चमच्याने आणि मीठ-तेल कमी पडल्याने.

---

निप्पाणीचा_नाना | बुधवार, सकाळी ७:१५

बाईंचा हेतू चांगला आहे, राग मानू नये. पण आमच्या वेळंला यातलं काय नव्हतं, तरी संसार झालेच की. या वयात सांगून पोरांना चाळवायचं कशाला? दुसरं, आणि हे महत्त्वाचं. शिकवणार कोण? पेपरात वाचतो तर निम्म्या केसमध्ये मास्तरच आरोपी असतोय. ज्याच्या हातात पोरगी पाठवायची भीती वाटते, त्याच्याच हातात हा विषय देणार? मी नात असलेला माणूस म्हणून विचारतो, वाद घालायला न्हवं.

---

हुक्केरी_एक्सप्रेस | सकाळी ९:४८

नाना, संसार झाले हे खरं. त्याआधी काय काय झालं ते ऐका.

मी नववीत. शाळेत बाहेरून कुणीतरी मॅडम आल्या, मुलींना वरच्या हॉलमध्ये नेलं, खिडक्या लावल्या. आम्हाला पीटीच्या सरांनी ग्राऊंडवर सोडलं, "कबड्डी खेळा". तासाभराने मुली खाली आल्या त्या आमच्याकडे बघेनात. आम्हाला वाटलं आमच्याबद्दल काहीतरी सांगितलंय.

त्याच वर्षी मला ते तीन चिठ्ठ्यांतलं सुरू झालं. विचारणार कुणाला? स्टँडच्या मागच्या भिंतीवर रंगवलेलं असायचं, गुप्तरोग, निराश होऊ नका, दर गुरुवारी अमुक लॉजवर. मित्र म्हणाला चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो, असंच चालू राहिलं तर वर्षात खलास. मी बसून हिशोब केला होता, खरोखर, वहीच्या शेवटच्या पानावर. भागाकार जमला नाही म्हणून जरा धीर आला. शेवटी सहामाहीच्या फीचे पैसे घेऊन त्या लॉजवर गेलो. तपकिरी पुडी, दुधातून. दोन महिने खाल्ली. चव ओव्याची होती. आता वाटतं ओवाच असणार.

फीचे पैसे कुठे गेले म्हणून वडिलांनी मारलं ते वेगळंच. मी सांगितलं हरवले.

झोपेत वीर्य जाणं ही त्या वयातली नेहमीची गोष्ट आहे, आजार नाही, त्याने अशक्तपणा येत नाही. ही दोन वाक्यं. कबड्डी थांबवून पीटीच्या सरांनी एवढी दोन वाक्यं सांगितली असती तरी माझे पैसे वाचले असते. बाई, मुलांनाही शिकवा. आणि शक्यतो मुलामुलींना एकत्र.

---

शहापूरचा_सायकलवाला | सकाळी १०:०२

वहीतला भागाकार :)) पण भिंत मात्र आठवली. आमच्याकडे रेल्वे गेटजवळ होती.

---

दोन_मुलींची_आई | दुपारी १:३०

टिळकवाडीत राहते, मुली इंग्रजी माध्यमात. आमच्याकडे शब्दांचा प्रश्न सुटला असं वाटत होतं. शाळेत सगळं इंग्रजीत, प्रायव्हेट पार्ट्स, पीरियड्स, मुली घरीही बिनधास्त बोलतात. मला बरं वाटायचं. हा धागा वाचून काल धाकटीला सहज विचारलं, तुला कुणी त्रास दिला तर आजीला कसं सांगशील? आजीला इंग्रजी येत नाही. ती थांबली. मग म्हणाली, "आजीला नाही सांगणार, तुझी वाट बघेन."

मी ऑफिसातून साडेसातला येते.

इंग्रजीत बोललं की लाज कमी वाटते, कारण ते शब्द आपल्याला लागतच नाहीत कुठे, वरच्यावर निघून जातात. काल रात्री आम्ही तिघींनी बसून मराठी शब्द ठरवले. सासूबाईंनी दोन सुचवले, मला माहीतच नव्हते. इथे लिहायचं धाडस नाही :)

---

सिस्टर_अथणी | दुपारी ३:२०

निवृत्त एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राची नर्स. अथणी-चिकोडी भागात नोकरी झाली.

आमच्या काळात हा विषय शाळेत शिरला तो एड्सच्या दारातून. हायवेचा भाग, देवदासींची गावं, ट्रकवाल्यांची वर्दळ. देवदासी सोडायला बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा, पण सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरून येणारं सगळं काही त्या वर्षी थांबलं नाही. पुढे एचआयव्हीच्या बाबतीत राज्यातल्या जास्त प्रमाणाच्या जिल्ह्यांत बेळगाव, बागलकोट आले. तेव्हा शाळांतून आम्ही जे सांगत फिरलो ते म्हणजे कवटीचं चित्र. पोरांना शरीर कळायच्या आधी मरण कळलं. बाईंच्या पेटीत आज येणाऱ्या "मला एड्स झालाय काय" या चिठ्ठ्या म्हणजे आम्हीच पेरलेलं उगवलंय, असं वाटून गेलं.

दुसरं. आरोग्य केंद्रात किशोरवयीन मुलामुलींसाठी "स्नेह क्लिनिक" असतं, बोर्ड असतो, सल्ला फुकट मिळतो. मुलं येत नव्हती. का? क्लिनिकच्या बाकड्यावर बसायचं म्हणजे समोरून लसीकरणाला आलेली अख्खी गल्ली बघणार. "काय गं, तू इथं काय करूलालैस?" झालं, संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर. मग मी रक्त तपासायच्या निमित्ताने बोलवायला लागले. सोमवारी शाळेत लोहाची निळी गोळी वाटायची असते, ती गोळी पोरं होऊ नयेत म्हणून देतात अशी एका गावात आवई उठली. अर्ध्या मुलींनी गोळ्या खिडकीतून टाकल्या, खाली वाफ्यात निळा सडा. मी सरळ सगळ्या आयांना बोलावून त्यांच्यासमोर एक गोळी खाल्ली. एक म्हातारी म्हणाली, "तुझं वय झालंय, तुला काय फरक पडतोय!"

नाना, तुमचा मास्तरचा मुद्दा मला पटतो. पण मूल न बोलण्यावरच तर तो मास्तर जगतोय ना?

---

निप्पाणीचा_नाना | दुपारी ४:१०

सिस्टरबाईंचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. विचार करतो.

---

खडेबाजार | सायंकाळी ६:००

इतिहासात थोडं डोकावून. रघुनाथराव कर्व्यांनी लैंगिक शिक्षणावरचं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं १९२७ साली. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे कर्वे जाईपर्यंत चाललं. हे सगळं मराठीत झालंय, त्यामुळे "ही पाश्चात्त्य थेरं" म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

आणि गंमत बघा. सीमाप्रश्नावर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचं कशावरच जमत नाही. पण केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, तो २००७ साली दोन्ही राज्यांनी शाळांतून बंद केला. त्याच वर्षी, एकमुखाने. महाजन अहवालापासून एवढी एकी कुणी पाहिली नसेल.

---

तात्या_चिकोडी | सायंकाळी ६:२५

महाजन अहवाल काढलातच आहे तर ८१४ गावांचं आधी बोला. मराठी शाळांना मास्तर नाहीत, पुस्तकं उशिरा येतात, आणि तुम्ही

(संपादित)

---

संपादक | सायंकाळी ६:४०

सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत, बरेच आहेत. इथे मूळ विषयावर राहा.

---

मलप्रभाकाठची | शुक्रवार, रात्री ९:३०

तात्या, राग नाही, तुमचं अर्धं म्हणणं माझ्याच धाग्यात आहे.

आज पेटी उघडली. एक चिठ्ठी अशी आलीय की दुपारपासून डबा तसाच आहे. नाव नाही. "पाहुणे आले की मी काकूकडे झोपायला जाते. का ते सांगणार नाही." एवढंच. अक्षर ओळखीचं वाटतंय, पण खात्री नाही. हेडमास्तर म्हणतात, पोरीने स्पष्ट काही लिहिलेलं नाही, आपण कशाला अंगावर घ्यायचं. मला काय करायला हवं?

---

काळा_कोट | रात्री ९:५१

आधी एक: यापुढे वर्ग, गाव, अक्षर, काहीही इथे लिहू नका. वरचंही संपादकांना सांगून कमी करून घ्या. पीडित मुलाची ओळख उघड करायला पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, मनाई आहे.

आता कायदा. पॉक्सो २०१२ चा. कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं माहीत असलेल्यानेच नव्हे, तो होण्याची भीती वाटणाऱ्यानेही पोलिसांना कळवायचं असतं. पुरावा गोळा करणं, पाहुणा कोण ते शोधणं हे तुमचं काम नाही, करूही नका. जाणूनबुजून कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हेडमास्तरांना हे वाक्य वाचून दाखवा. सद्भावनेने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर तुमच्यावर कारवाई होत नाही. १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) आत्ता फोन करा, उद्या नको. ते पुढची दिशा देतील. आणि त्या मुलीला वर्गात सगळ्यांसमोर उठवू नका.

आता बाईंच्या शब्दांच्या मुद्द्यावर, कारण कोर्टात रोज तेच बघतो. मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. आपल्याकडे अधिकारी कन्नड, मूल मराठी. कायद्यात दुभाष्याची सोय आहे, ती मागा, ती मेहेरबानी नव्हे. पण दुभाषा तरी काय करणार, मूल म्हणतं "तिथे". मराठीतलं तिथे कन्नडात "अल्लि" होतं, इंग्रजीत आणखी काहीतरी, आणि उलटतपासणीला विचारतात, तिथे म्हणजे नक्की कुठे? चौदा वर्षांची पोर रडूलालीय आणि समोरचा विचारतोय. शरीराच्या भागाचं साधं नाव तिला माहीत असतं तर एक प्रश्न तरी कमी झाला असता.

दुसऱ्या बाजूच्याही केसेस येतात. सतरा वर्षांची मुलगी, एकोणीसचा मुलगा, पळून गेले. अठराच्या आतली संमती कायदा मानत नाही हे दोघांच्या गावीही नसतं. कळतं ते पोरगा हिंडलगा जेलमध्ये गेल्यावर. अशाच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने सांगितलंय की नववीपासून पुढच्या मुलांना या कायद्याची माहिती शाळेत द्या. म्हणजे बाई, तुमच्या हेडमास्तरांना दाखवायला धारवाडचा निकालही आहे. फार लांबचा नाही.

---

निप्पाणीचा_नाना | रात्री १०:२०

बाई, फोन केला काय?

---

मलप्रभाकाठची | रात्री १०:४४

केला.

---

संपादक | रात्री १०:५०

धागाकर्तीच्या विनंतीवरून वरच्या प्रतिसादातला काही मजकूर काढला आहे. त्या चिठ्ठीबद्दल इथे कुणीही तर्क करू नयेत, प्रतिसाद उडवले जातील.

---

चंदगडी | शनिवार, सकाळी ८:०५

धागा उशिरा पाहिला. मी सीमेच्या या बाजूला, चंदगड तालुक्यात शिक्षक. तुम्ही रात्रभर चिठ्ठ्या चिकटवत बसलात ते वाचून वाईट वाटलं, कारण आमच्या शाळेच्या कपाटात मराठी फ्लिपचार्टचे दोन संच पडून आहेत. एक तर उघडलेलाच नाही. पाळी, मुलांमधले बदल, स्वच्छता, नकार कसा द्यायचा, सगळं आहे. शब्द थोडे पुस्तकी आहेत, पण "आर्तवचक्र" नाही, सरळ "मासिक पाळी" आहे. खाली मोबाईल आणि फोटो पाठवण्याबद्दल एक पान आहे, ते आमच्या मुलांनी सगळ्यात जास्त वेळ वाचलं. आमच्या वरिष्ठांना विचारलं, एक संच नेऊ दे म्हणाले. सहीसुद्धा मागितली नाही.

---

मलप्रभाकाठची | सकाळी ८:३०

सर, मी आत्ता गाडी काढू का?

(ते दुसरं काम योग्य हातात गेलंय. त्याबद्दल इथे यापुढे काही लिहिणार नाही. काळा कोट, आभार. हेडमास्तर सोबत आले होते.)

---

चंदगडी | सकाळी ८:३४

शिनोळी फाट्यावर या, अकरा वाजता, चहाच्या टपरीपाशी. एक अडचण आहे, दर पानाखाली "मैत्री क्लिनिकला भेट द्या" असं छापलंय. आमच्याकडे नाव मैत्री आहे, तुमच्याकडे सिस्टर म्हणतात तसं स्नेह.

---

मलप्रभाकाठची | सकाळी ८:३९

चिकटवते. आता सरावाचं झालंय. या वेळी फेविकॉल आणते, पंखा आहे वर्गात.

---

शहापूरचा_सायकलवाला | सकाळी ८:४१

आणि बरण्यांचं काय झालं?

---

मलप्रभाकाठची | रात्री ९:१५

अकरा घरांतून नोंदी आल्या. हात लावलेल्या अकराही बरण्या ठीक. एका घरी न लावलेली खराब झाली, तिथे आजीने ओला चमचा घातला होता. आजीचं म्हणणं आहे की चमचा कोरडाच होता.